ब्रिसल वर्म काढले तरी पुन्हा येतात: खाऱ्या पाण्याच्या टँकची क्रमाने तपासणी

सापळा लावला, दहा-बारा ब्रिसल वर्म (खडकांच्या फटीत राहणारे केसाळ समुद्री किडे) निघाले, महिनाभरात पुन्हा तेवढेच दिसू लागले. खाऱ्या पाण्याच्या टँकमधली ही सगळ्यात नेहमीची तक्रार. त्यावर आणखी मोठा सापळा आणला जातो, आणि तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. ब्रिसल वर्मची संख्या टँकमध्ये वाया जाणाऱ्या अन्नाच्या प्रमाणात राहते. अन्न तसंच उरत राहिलं तर काढलेल्यांची जागा मागे राहिलेले भरून काढतात. म्हणून खालच्या यादीत सापळा बराच उशिरा येतो.

लक्षणं

- दिवे गेल्यावर अर्ध्या-एक तासाने वाळूवर, काचेच्या कडेला किंवा खडकाच्या फटीत २ ते १५ सेंमी लांबीचे, गुलाबी-करड्या रंगाचे, दोन्ही अंगांना पांढऱ्या केसांचे झुपके असलेले किडे दिसतात.
- खाणं टाकलं की भर दिव्यातही ते फटीतून अर्धे बाहेर येतात.
- टँकमध्ये हात घातल्यावर बोटांची आग होते किंवा खाज सुटते. भिंगातून पाहिलं तर बारीक पांढरी कुसळं रुतलेली दिसतात.
- सकाळी एखादी गोगलगाय नाहीशी झालेली असते, नुसता शंख उरतो. किंवा क्लॅमभोवती (शिंपल्यात राहणाऱ्या जिवाभोवती) किड्यांचा घोळका दिसतो.
- कोरलची (प्रवाळाची) एखादी फांदी रातोरात सोलल्यासारखी पांढरी पडते.
- ओव्हरफ्लोच्या (टँकमधलं पाणी खाली उतरतं त्या जागेच्या) जाळीत किडे अडकतात, पाणी परत वर आणणारा रिटर्न पंप आवाज करू लागतो.
- एखाद्या माशाच्या ओठाला कुसळं टोचलेली दिसतात आणि तो खाणं सोडतो.

फक्त पहिली तीन लक्षणं असतील तर प्रकरण साधं आहे: अन्न जास्त, किडे जास्त. गोगलगाय, क्लॅम किंवा कोरल जात असेल तर पहिल्या दोन तपासण्या झाल्याशिवाय एकाही किड्याला हात लावू नका.

तपासणी १: किडा नेमका कोणता? (खर्च शून्य)

टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावा. लाल उजेडाला हे किडे फारसे बिचकत नाहीत, पांढऱ्या उजेडात मात्र क्षणात आत सरकतात. दिवे बंद झाल्यावर एक तासाने एकाच काचेसमोर उभं राहून पाच मिनिटांत किती दिसले ते लिहून ठेवा. रोज त्याच वेळी, त्याच बाजूने. हा आकडा पुढे प्रत्येक उपायाला लागणार आहे. तो नसेल तर उपाय लागू पडतोय की नाही हे अंदाजानेच ठरवावं लागेल.

आता ओळख. टँकमध्ये भेटणारे बहुतेक किडे युरिथोई कॉम्प्लानाटा किंवा त्याच्या जवळच्या जातींचे असतात. अंग गुलाबी किंवा करडं, कडेने पांढरे केस, लांबी साधारण १०-१५ सेंमीपर्यंत. हे मेलेलं, कुजलेलं, उरलेलं खातात. खडकाच्या ज्या फटींत गोगलगायही पोहोचत नाही तिथला घाण-कचरा हेच साफ करतात. त्यांचा नायनाट करणं हे उद्दिष्टच नसावं.

खरा त्रास देणारे तीन आहेत, तिन्ही तुलनेने क्वचित सापडतात.

*हर्मोडिसे कॅरुंक्युलाटा*, म्हणजे बिअर्डेड फायरवर्म: जाडजूड, प्रत्येक वलयाला लालसर कल्ल्यांचा झुपका आणि त्याला लागून पांढरे केस, डोक्यावर घडी पडल्यासारखा मांसल उंचवटा. हा जिवंत कोरल खातो. फांदीचं टोक तोंडात घेऊन बसतो आणि मागे पांढरा सांगाडा सोडतो. याचं मूळ वसतिस्थान कॅरिबियन, अटलांटिक आणि भूमध्य समुद्र. तुमचे खडक आणि कोरल प्रशांत महासागरातले असतील तर हा असण्याची शक्यता फार कमी.

*ओइनोनी फुल्जिडा*: नारिंगी, गुळगुळीत, केस डोळ्यांना दिसतच नाहीत, अंगावर भरपूर चिकट स्राव. गोगलगायी आणि क्लॅम हे याचं भक्ष्य. शंखावर चिकट पडदा आढळला आणि आतला जीव गेलेला असेल तर याच्यावर संशय घ्या.

*युनिस* गटातले किडे: डोक्यावर पाच मिशा, अंगावर इंद्रधनुषी चमक, पुढे जबडे. लहान असतात तोवर यातले बरेच निरुपद्रवी असतात. मोठ्या जाती मात्र मासे पकडतात. युनिस अफ्रोडिटोइस म्हणजेच बॉबिट वर्म याच कुळातला. २००९ मध्ये जपानमध्ये एका तराफ्याच्या फ्लोटमध्ये २९९ सेंमी लांबीचा सापडला होता, तोवर तो आत आहे याची कुणाला गंधवार्ताही नव्हती. टँकमध्ये एवढा मोठा सहसा निघत नाही, पण लपून राहण्याचं कसब तेच.

खडकातून वाळूवर पसरलेले पांढरट दोऱ्यांसारखे तंतू हे स्पॅगेटी वर्मचे, आणि नळीतून उमलणारे पंखे फेदर डस्टरचे. दोन्ही निरुपद्रवी. खडकाला चिकटलेल्या कडक वेड्यावाकड्या नळीतून चिकट जाळं सुटत असेल तर तो किडाच नाही, व्हर्मेटिड गोगलगाय आहे. तिच्यावर यातला एकही उपाय चालत नाही.

फोटो काढताना डोकं आणि अंगाची एक बाजू दोन्ही स्पष्ट येऊ द्या. नुसती शेपटी पाहून जात सांगता येत नाही.

तपासणी २: मारलं कुणी, की आपसूकच मेलं? (टेस्ट किटपुरता खर्च)

मेलेल्या क्लॅममध्ये ब्रिसल वर्म दिसले म्हणजे त्यांनी क्लॅम मारला, असं धरून चालणं हे साप साप म्हणून भुई धोपटणं आहे. मरणाऱ्या मांसाचा वास त्यांना कित्येक तास आधी लागतो. जीव जायच्या आतच ते तिथे जमतात आणि सकाळी दोष त्यांच्यावर येतो. किडे काढले तरी पुढचा क्लॅम तसाच जातो, कारण दुखणं पाण्यात असतं.

म्हणून पाणी मोजा:

- अमोनिया ०, नायट्राइट ०. यात तडजोड नाही.
- सॅलिनिटी (खारटपणा) ३५ पीपीटी, म्हणजे हजारात ३५ भाग क्षार; विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) आधी ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर वरच्या टोकाला चुकू शकतो.
- तापमान २४ ते २६ अंश सेल्सियस, दिवस-रात्रीचा फरक १ अंशाच्या आत.
- अल्कलिनिटी (पाण्याची आम्लता रोखून धरण्याची क्षमता) ७ ते ९ डीकेएच, हे तिचं एकक. आकड्याइतकंच त्याचं स्थिर राहणं महत्त्वाचं. दोन दिवसांत २ डीकेएचची उडी बसली की नाजूक कोरल सोलतात, आणि ते सोलणं किड्याच्या खाण्यासारखंच दिसतं.
- कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम प्रतिलिटर.

फरक ओळखायची खूण अशी: कोरल बुडापासून वर पांढरं होत चाललं असेल आणि किडे फक्त मेलेल्या भागावर असतील, तर कारण पाणी किंवा प्रकाश. टोकापासून खाली, स्वच्छ सीमा ठेवून मांस गेलं असेल आणि किडा जिवंत मांसावर बसलेला दिसला असेल, तर संशयाला जागा आहे. गोगलगाय उलटी पडली की तिला बऱ्याचदा स्वतःहून सरळ होता येत नाही आणि ती तशीच मरते. तेवढ्यावरून शिकारी शोधत बसू नका.

आणखी एक गोष्ट, आणि ही तातडीची. एरवी लपून राहणारे किडे अचानक मोठ्या संख्येने खडकांच्या वर, काचेवर, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ चढलेले दिसले आणि मासेही वर येऊन धापा टाकत असतील, तर ऑक्सिजन घटलाय. पॉवरहेडचं (टँकमध्ये प्रवाह तयार करणाऱ्या छोट्या पंपाचं) तोंड वर करून पृष्ठभाग ढवळा, एअर पंप असेल तर लावा, मग कारण शोधा. बंद पडलेला रिटर्न पंप, वाढलेलं तापमान किंवा खडकामागे कुजणारा मासा, यातलंच काहीतरी निघतं.

तपासणी ३: खाणं (खर्च शून्य, आणि बरीच प्रकरणं इथेच मिटतात)

टँकमधले मासे मोजा. एखादा बरेच दिवस दिसला नसेल तर तो खडकामागे मेलेला असू शकतो, आणि एक मेलेला मासा किड्यांना काही आठवडे पुरतो. दिसला तर काढा. सापडला नाही तर खडक उचकटू नका. अमोनिया शून्य असेल तर किड्यांनी काम उरकलेलं आहे.

मग रोजचं खाणं पाहा. टाकलेलं सगळं एक-दोन मिनिटांत माशांच्या तोंडात गेलं पाहिजे. त्यानंतर वाळूवर एक जरी पेलेट (खाण्याची गोळी) पडलेलं दिसलं तरी ते किड्यांचं जेवण. विशेषतः या चार जागा तपासा:

१. फ्रोझन मायसिस किंवा ब्राइन श्रिंप (माशांसाठी गोठवलेले कोळंबीसारखे बारीक जीव). क्यूब थेट टँकमध्ये टाकू नका. टँकच्या वाटीभर पाण्यात वितळवा, चहाच्या गाळणीने गाळा, पाणी फेकून द्या. त्या पाण्यातला रस आणि बारीक चुरा माशांच्या कामाचा नसतो. तो सरळ वाळूत आणि खडकांत जातो.

२. ऑटो फीडर (ठरल्या वेळी आपोआप खाणं टाकणारं यंत्र). दमटपणाने पेलेट फुगतात, भोक अडतं आणि मग एकदम ढेकूळ पडतं. आठवड्यातून एकदा त्याखाली कोरडी वाटी धरून एका फेरीत किती पडतं ते पाहा.

३. कोरलसाठीची पूड. पंप चालू ठेवून टँकभर उधळली की नव्वद टक्के वाया जाते असं समजूनच चाला. पंप दहा मिनिटं बंद करा, लांब पिपेटने कोरलच्या तोंडाशी थोडी सोडा, तिथेच थांबा. आठवड्यातून एकदा-दोनदा पुरे. बहुतेक कोरल प्रकाशावर जगतात, पुडीवर नाही.

४. क्लिपला लावलेली नोरी (सुकवलेलं समुद्री शेवाळ). तीन-चार तासांत संपली नाही तर काढून टाका. रात्रभर लटकत राहिलेली पानं तुकडे होऊन मागच्या कोपऱ्यात जमतात.

एकूण खाणं एक चतुर्थांश ते एक तृतीयांशाने कमी करा, एकदम निम्म्यावर आणू नका. एकाएकी फार तोडलं की नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर जातात आणि रिकाम्या वाळूवर डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म एकपेशीय जिवांचा तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट थर येतो. त्याच्याशी झगडण्यापेक्षा किडे परवडले. नायट्रेट २ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर या पट्ट्यात ठेवा. माशांची पोटं पाठीमागून, वरून पाहत राहा. डोक्यामागचा भाग आत गेलेला दिसला तर कपात जास्त झाली. अँथियाससारख्या माशांना दिवसातून तीन-चार वेळा लागतंच. त्यांचा रोजचा वाटा तेवढ्या भागांत वाटून द्या, वाटा वाढवू नका.

इथे धीर लागतो. अन्न आटल्यावर किड्यांची संख्या सहा-आठ आठवड्यांत उतरते. आधी मोठे आकसतात, मग संख्या घटते. पहिल्या पंधरवड्यात उलट जास्त दिसतात, कारण उपाशी किडे लांबवर हिंडतात. नेमक्या याच टप्प्यावर लोक घाबरून काहीतरी औषध ओततात.

तपासणी ४: साचलेला गाळ आणि मेलेले कोपरे (वेळ जास्त, पैसा कमी)

खाणं कमी करूनही आकडा हलत नसेल तर जुना साठा शिल्लक आहे. तो सहसा तीन ठिकाणी असतो: खडकांच्या मागे, वाळूच्या वरच्या २-३ सेंमीत, आणि सम्पच्या (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीच्या) तळाशी.

खडकांवर पिपेटने किंवा लहान पॉवरहेडने जोरात पाणी मारा. तपकिरी ढग उठला की समजा प्रवाह तिथे पोहोचत नाही. हे पाणी बदलायच्या आधी करा, म्हणजे तरंगलेला गाळ सिफनमधून निघून जाईल. फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) त्याच दिवशी नवा लावा आणि दुसऱ्या दिवशी काढून धुवा. एरवीही तीन-चार दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, कारण सॉकमध्ये अडकलेला गाळ पाण्यातच कुजत राहतो.

वाळू सिफन करताना एका वेळी फक्त एक चतुर्थांश भाग, आठवड्याने पुढचा. सगळी वाळू एका दिवसात ढवळली तर साचलेलं सेंद्रिय द्रव्य एकदम पाण्यात येतं आणि अमोनिया चढतो. वाळू ५ सेंमीपेक्षा खोल असेल तर नळी खालपर्यंत घुसवू नका. खालच्या थरात काळे पट्टे असतील आणि कुजलेल्या अंड्यांसारखा वास येत असेल तर तिथे हायड्रोजन सल्फाइड आहे. तो मोकळा झाला तर मासे मरतात. तो थर न हलवता वरच्या दोन बोटांपुरतीच सफाई करा.

प्रवाह मोजायला सोपा नियम: सगळ्या पॉवरहेडचा मिळून ताशी प्रवाह टँकच्या पाण्याच्या २० ते ४० पट. २०० लिटरच्या टँकला ४००० ते ८००० लिटर प्रतितास. आकडा जुळला तरी दिशा चुकलेली असू शकते. चिमूटभर खाणं टाका आणि कण कुठे थांबतात ते पाहा. थांबतात तो कोपरा, आणि रात्री किडे ज्या फटीतून निघतात ती जागा, या दोन्ही बऱ्याचदा एकमेकींना लागूनच असतात. खडक काचेला टेकवून रचले असतील तर मागे किमान चार-पाच सेंमी मोकळी जागा करा, नाहीतर कितीही पंप लावा, मागे गाळ साचणारच.

स्किमरची (फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) मान आठवड्यातून दोनदा पुसा. तिथे चिकट थर बसला की फेस वर चढत नाही आणि स्किमर नुसता फिरत राहतो. आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदल चालू ठेवा.

हात घालण्यापूर्वी हीटर आणि पंपांचे प्लग काढा. पाणी उतरवताना हीटर उघडा पडून तडकणं हा नेहमीचा अपघात आहे.

तपासणी ५: हाताने आणि सापळ्याने काढणं

आता सापळा. हेतू एवढाच: अन्न कमी होत असताना मोठे किडे आणि गर्दीची जागा कमी करणं.

आधी हात जपा. या किड्यांचे केस ठिसूळ असतात, कातडीत शिरून तुटतात आणि सुरवंटाचे केस लागल्यासारखी आग उठते. पातळ हातमोजे पुरत नाहीत. कोपरापर्यंतचे जाड रबरी घ्या. कुसळं लागली तर चोळू नका. चिकटपट्टी दाबून उचला, नवी पट्टी घेऊन पुन्हा. मग व्हिनेगर लावा. कुसळं कॅल्शियम कार्बोनेटची असल्याने ती विरघळायला मदत होते. टँकला हात लावून डोळे चोळायची सवय असेल तर ती आजच सोडा.

चिमट्याने पकडायचा असेल तर २५-३० सेंमी लांबीचा चिमटा घ्या आणि किडा दोन तृतीयांशाहून जास्त बाहेर येईपर्यंत थांबा. अर्धा आत असताना ओढलात तर तो तुटतो, आणि युरिथोई तुकड्यांपासून वाढतो. ही त्याची पुनरुत्पादनाची एक रीतच आहे. चिरडणं, कापणं, खडकात चेपणं, सगळ्याचा परिणाम तोच. चिमट्यापेक्षा १० मिलिमीटरची साधी नळी बरी. दिवे गेल्यावर तासाभराने किड्याच्या डोक्याशी धरायची, सिफनने सरळ बादलीत. त्यात गेलेलं पाणी पाणी-बदलाच्या हिशोबात धरा.

नायलॉनचा सापळा असा: जुन्या पण स्वच्छ धुतलेल्या नायलॉन स्टॉकिंगचा तळहाताएवढा तुकडा, त्यात अंगठ्याच्या नखाएवढा कच्च्या कोळंबीचा तुकडा, दोन-तीन घड्या, वरून दोरा. किडे कोळंबीकडे घुसतात आणि केस जाळीत अडकल्याने मागे फिरू शकत नाहीत. तो वाळूवर, जिथे जास्त किडे दिसले होते त्या फटीला लागून ठेवा. दिवे जाताच ठेवा, तास-दीड तासात उचला. रात्रभर ठेवलात तर खेकडे आणि नॅसेरियस गोगलगायी ते फस्त करतात, आणि राहिलं तर कोळंबी कुजून ज्यासाठी खटाटोप केला तोच प्रश्न वाढतो.

बाटलीचा सापळा जास्त पकडतो. १०-१२ सेंमीची झाकणाची प्लास्टिक बाटली, बाजूंना ५ मिलिमीटरची पाच-सहा भोकं, प्रत्येकात स्ट्रॉचा ३-४ सेंमीचा तुकडा आतल्या बाजूला. किडा स्ट्रॉतून आत पडतो. बाहेर यायला त्याला आत अधांतरी उघडणारं तोंड सापडत नाही. बुडाला दोन-चार स्वच्छ खडे टाका म्हणजे तरंगणार नाही. धुताना साबण नको. स्ट्रॉ आतून फार गुळगुळीत आणि उतार तीव्र असेल तर किडे चढत नाहीत. आडव्या ठेवलेल्या बाटलीत स्ट्रॉचं तोंड वाळूच्या पातळीला आलं पाहिजे. ते वर राहणं हेच सापळा रिकामा निघण्याचं सर्वांत सामान्य कारण.

तीन-चार रात्री सलग, मग आठवडाभर विश्रांती, मग पुन्हा मोजणी. पकडलेले किडे पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये आणि मग कचऱ्यात. गटारात, नदीत, खाडीत किंवा समुद्रात सोडू नका.

तपासणी ६: किडे खाणारा मासा किंवा खेकडा

हा उपाय लोकांना फार आवडतो, कारण तो विकत मिळतो. सिक्स-लाइन रास, यलो कोरिस, मेलानुरस रास, ऑर्किड डॉटीबॅक, अॅरो क्रॅब, कोरल बँडेड श्रिंप हे सगळे लहान किडे खातात. १० सेंमीच्या किड्याला यातला क्वचितच कुणी हात लावतो.

आणि प्रत्येकाची खोड आहे. सिक्स-लाइन नंतर आलेल्या शांत माशांना छळतो. आणायचाच तर सगळ्यात शेवटी. यलो कोरिस आणि मेलानुरस वाळूत पुरून झोपतात, त्यांना ५ सेंमी बारीक वाळू आणि झाकण लागतं. बिनझाकणाच्या टँकमधून ते उडी मारतात. अॅरो क्रॅब किडे संपले की फेदर डस्टर आणि झोपलेल्या लहान माशांकडे वळतो. कोरल बँडेड श्रिंप जमलेली जोडी नसेल तर एकच ठेवा, आणि क्लीनर श्रिंप असेल तर ठेवूच नका. टँक १०० लिटरपेक्षा लहान असेल तर यातलं काहीही किड्यांसाठी म्हणून आणू नका.

तपासणी ७: खडक बाहेर काढणं

हा टप्पा फक्त दोन कारणांसाठी: वर सांगितलेल्या तीन त्रासदायक जातींपैकी एक ओळखू आली आहे, किंवा एकाच खडकात प्रचंड गर्दी आहे. टँकभर पसरलेल्या साध्या ब्रिसल वर्मसाठी खडक उपसणं हे रोगापेक्षा औषध भयंकर.

त्याआधी एक इशारा. खडकावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (फुलांच्या गुच्छासारखे दिसणारे, कोरलसारखे मऊ जीव) असतील तर तो खडक उकळू नका, गरम पाणी ओतू नका, ब्रशने घासू नका, दाबाच्या पाण्याने धुवू नका. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जालीम विष असतं; वाफेतून किंवा तुषारांतून ते फुफ्फुसात गेलं तर घरातल्या सगळ्यांना, पाळीव जनावरांनाही, गंभीर विषबाधा होऊ शकते. असा खडक हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावून, ओला ठेवूनच हाताळा.

कोरल नसलेल्या खडकासाठी: बादलीत टँकच्याच तापमानाचं खारं पाणी, सॅलिनिटी वाढवून विशिष्ट गुरुत्व १.०३५ ते १.०४०. खडक बुडवा, मधूनमधून हलवा. दहा-पंधरा मिनिटांत किडे खाली पडू लागतात. खडक उचलून दुसऱ्या बादलीत नेहमीच्या खाऱ्या पाण्यात खळखळा, मग परत ठेवा. गोडं पाणीही किडे बाहेर काढतं, पण सोबत खडकातले बाकीचे जीव आणि जिवाणूही मारतं. तसा खडक लगेच टँकमध्ये ठेवला तर अमोनिया चढतो. तो वेगळ्या टबमध्ये पंप-हीटर लावून अमोनिया सलग शून्य येईपर्यंत ठेवावा लागतो, त्याला आठवडे लागतात.

युनिस असेल तर त्याचं बीळ रात्री ओळखा, तो खडकच अख्खा काढा आणि बादलीत नेऊन बिळात पिचकारीने साधं सोडा वॉटर मारा. बीळ टँकमध्ये असतानाच इपॉक्सीने बुजवणं सोपं वाटतं, पण बहुतेकदा त्याला दुसरं तोंड असतं. आणि खरंच कोंडला गेला तर तो आत कुजतो.

एका वेळी एक-दोनच खडक. २४ आणि ४८ तासांनी अमोनिया मोजा. ०.२५ मिलिग्रॅम प्रतिलिटर किंवा जास्त आला तर २५ टक्के पाणी बदला, ताजा कार्बन लावा आणि पुढचा खडक पुढे ढकला.

औषधाबद्दल

फेनबेंडाझोल हे जंतनाशक ब्रिसल वर्म मारतं, हे खरं. त्यासोबत फेदर डस्टर मारतं, गोगलगायी मारतं आणि खडकात-वाळूत मुरून राहतं, त्यामुळे पुढे आणलेल्या गोगलगायीही दगावू शकतात. तांबं असलेली औषधं तर रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल असलेल्या टँकमध्ये, चालतच नाहीत. ती चुकून घातली तर शेकडो किडे खडकाच्या पोटात एका रात्रीत मरतात, ते बाहेर काढता येत नाहीत, आणि सकाळी टँकभर अमोनिया असतो. डिस्प्ले टँकमध्ये किड्यांवर कुठलंही औषध घालू नये, एवढं सरळ उत्तर आहे.

नवे येऊ नयेत म्हणून

किडे पाण्यातून उपटत नाहीत. ते खडक, वाळू आणि फ्रॅग प्लगवरून (कोरलचा तुकडा चिकटवलेल्या छोट्या बैठकीवरून) येतात. नव्या कोरलचा प्लग तोडून टाकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. किडे बहुधा प्लगच्या बुडाखालीच असतात. मग लेबलवर दिलेल्या प्रमाणात कोरल डिप (कीड सुटण्यासाठी कोरल बुडवायचं द्रावण), स्वच्छ पाण्यात खळखळणं, आणि शक्य असेल तर चार-सहा आठवडे वेगळ्या लहान टँकमध्ये. डिपने सगळेच किडे सुटतील असं नाही. म्हणूनच वेगळं ठेवणं.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

कुसळं लागल्यावर श्वास लागणं, चेहरा-ओठ सुजणं, चक्कर, किंवा सूज वर सरकत जाणं: लगेच रुग्णालय. डोळ्यात गेलं असेल तर स्वच्छ पाण्याने धुवा, चोळू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. खडक हाताळल्यावर तोंडात कडू किंवा धातूसारखी चव, खोकला, ताप, थरथर किंवा स्नायूदुखी सुरू झाली तर खोलीतून सगळे बाहेर, आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हा शब्द आवर्जून सांगा.

माशाच्या तोंडात कुसळं असतील तर ती उपटू नका. बहुतेक मासे दोन-तीन दिवसांत सावरतात. तिसऱ्या दिवशीही खात नसेल किंवा ओठाला पांढरा कापसासारखा थर आला असेल तर माशांवर उपचार करणारे पशुवैद्य गाठा.

टँक सांभाळणाऱ्या व्यावसायिकाला बोलवायच्या वेळा या: मोठा युनिस असल्याची खात्री आहे आणि त्याचं बीळ खालच्या, भार पेलणाऱ्या खडकात आहे. खडकांची रचना पूर्ण उपसावी लागणार आहे आणि टँक ३०० लिटरपेक्षा मोठा आहे. पाणी बदलूनही अमोनिया ४८ तासांत शून्यावर येत नाही. वाळूचा काळा थर काढावाच लागणार आहे. किंवा खाणं, गाळ आणि सापळे, तिन्ही आठ आठवडे नेटाने करूनही रात्रीचा आकडा तसाच आहे आणि जिवंत कोरल जातच आहेत.

त्यांना फोन करण्याआधी हे हाताशी ठेवा: टँक आणि सम्प मिळून एकूण लिटर, पंपांची क्षमता, गेल्या दोन आठवड्यांचे पाण्याचे आकडे, रोजच्या मोजणीची नोंद, आणि किड्याच्या डोक्याचा एक स्पष्ट फोटो.